मोगऱ्याची छाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत जवळ आली की बाग करणाऱ्या ओळखीच्यांचे प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले निम्मे मोगऱ्याचे असतात. झाड हिरवंगार आहे, पानं तजेलदार आहेत, उंचीही चांगली आहे, पण फुलं मोजून चार. मी पुण्यात गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये आणि घरापुढच्या मातीच्या पट्ट्यात मोगरा, जाई, जुई आणि कुंद सांभाळते. बहुतेक वेळा मला दुखणं एकच दिसतं: झाडाला वेळेवर कात्री लागलेली नसते. हिरवी फांदी कापायला हात धजत नाही. तो हात धजावा म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत.

मोगरा छाटावाच लागतो का? तसाच ठेवला तर काय बिघडतं?

छाटावाच लागतो. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते. ज्या काडीने गेल्या उन्हाळ्यात फुलं दिली, तिच्या टोकाचं काम तिथेच संपलं. त्या काडीला पुन्हा फुलवायचं तर तिच्या अंगातून नवे फुटवे निघायला हवेत, आणि शेंडा कापल्याशिवाय ते फारसे निघत नाहीत. म्हणून हिशेब सोपा आहे. जितके नवे फुटवे, तितके कळ्यांचे घोस.

न छाटलेलं झाड मरत नाही. ते लांबत जातं, आतून काटक्यांचं जाळं होतं, बुंध्याशी ऊन पोहोचत नाही, आणि दोन-चार फुलं लागतात ती टोकाला. असं झाड बघून लोक खत वाढवतात. खताने पानं आणखी वाढतात.

कुठल्या महिन्यात छाटायचा?

उन्हाळ्याच्या बहरासाठी थंडीत. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, विदर्भ अशा घाटावरच्या भागात संक्रांत ते रथसप्तमी हा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. थंडीचा कडाका ओसरत असतो आणि नव्या फुटीला लगेच ऊब मिळते. मुंबई, कोकण, गोवा इथे थंडी नावालाच असल्याने डिसेंबरातही छाटलेलं चालतं. तमिळनाडूत, जिथे मोगऱ्याची मोठी शेती आहे, तिथे तर नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यातच छाटणी धरतात, कारण त्यांच्याकडे फुटीला अडवणारी थंडीच नाही. तिथली तारीख वाचून पुण्यात नोव्हेंबरात छाटलं, तर डोळे (काडीवरचे फुटव्यांचे कोंब) महिनाभर मिटून बसतात आणि आपल्याला वाटतं झाड गेलं.

छाटणीपासून पहिल्या कळ्यांपर्यंत साधारण दीड ते दोन महिने धरा. जानेवारीच्या मध्याला छाटलेला मोगरा शिमग्याच्या सुमारास कळ्या दाखवू लागतो.

छाटणीआधी पाणी तोडायचं म्हणतात, ते कशासाठी?

त्याला ताण देणं म्हणतात. पाणी थांबवलं की कोवळी वाढ थांबते आणि झाड विसावतं. मग छाटणी केली, पाणी सोडलं, की सगळे डोळे एकदम जागे होतात आणि बहर एकत्र येतो. ताण न देता छाटलं तरी फुलं येतात, पण आज दोन, परवा तीन अशी.

जमिनीतल्या झाडाचं पाणी आठ-दहा दिवस बंद ठेवा. कुंडीला इतका ताण सोसत नाही. तिथे पाच-सहा दिवस पुरे, तेही कुंडीचा आकार आणि ऊन बघून. पानं दुपारी मलूल होऊन सकाळी पुन्हा ताठ होत असतील तर ताण योग्य चाललाय. सकाळीही मान टाकलेलीच असेल तर थांबा, त्याच दिवशी पाणी द्या.

किती छाटायचं? मी दर वर्षी शेंडे कापते, तरी फुलं नाहीत.

नुसते शेंडे कापणं म्हणजे वार्षिक छाटणी नव्हे. जमिनीत लावलेला, दोन-तीन वर्षं जुना मोगरा दीड फुटांवर आणा. कुंडीतल्या झाडाची निम्मी उंची ठेवा. तीन फूट वाढला असेल तर दीड फूट, दोन फूट असेल तर एक. ऐकायला कठोर वाटतं, पण मोगरा जुन्या लाकडातूनही फुटतो, त्यामुळे इथे भिण्याचं कारण नाही.

उंची कमी करण्याआधी मात्र आतली सफाई करा. वाळलेल्या काड्या मुळापासून, एकमेकींना घासणाऱ्या दोनपैकी एक, जमिनीवर लोळणाऱ्या सगळ्या. हे झाल्यावर झाड निम्मं हलकं झालेलं असतं, आणि मग उरलेल्या पाच-सहा जाड काड्या कुठे तोडायच्या ते डोळ्यांना आपोआप दिसतं. सफाई न करता वरून सरळ रेषेत कापणं म्हणजे कुंपणाची मेंदी कापल्यासारखं होतं. वरून नीटनेटकं, आत अंधार.

कात्री नेमकी कुठे लावायची?

एक काडी हातात धरून नीट बघा. मोगऱ्याची पानं समोरासमोर, जोडीने येतात. प्रत्येक जोडी जिथे काडीला मिळते तिथे पेर थोडं फुगलेलं असतं. पानाचा देठ आणि काडी यांच्या बेचक्यात बोट फिरवलंत तर राईच्या दाण्याहून लहान असा टणक ठिपका लागतो. तो डोळा. जोडीच्या दोन पानांच्या बगलेत दोन डोळे. कात्री या पेराच्या वर, साधारण अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून लावायची. मग त्याच जागी दोन फुटवे निघतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक.

इथे गुलाबाच्या छाटणीचा नियम मोगऱ्याला लावू नका. गुलाबाला डोळे एकाआड एक असतात, म्हणून बाहेरच्या डोळ्यावर तिरपा काप देतात. मोगऱ्याला दोन्ही बाजूंना डोळा आहे. तिरपा काप दिला तर एका डोळ्याच्या अगदी अंगाशी कात्री जाते आणि तो वाळतो. आडवा, सरळ काप द्या.

पेराच्या वर लांब खुंट सोडला तर तो खुंट वाळत खाली येतो आणि कधी कधी डोळ्यालाही घेऊन जातो. मागच्या वर्षीच्या छाटणीचे असे तपकिरी खुंट तुमच्या झाडावर नक्की सापडतील. ते आधी काढून टाका.

सिकेटर (फांद्या छाटायची खास कात्री) घ्यावा लागेल का? घरची कात्री चालते?

काडी पेन्सिलीहून जाड असेल तर सिकेटरच हवा. घरच्या कात्रीने काडी चेपते, सालीला भेग पडते आणि तिथून बुरशी शिरते. दोन्ही पाती एकमेकींना घासून जाणारा सिकेटर घ्या. एक पातं दुसऱ्या सपाट पट्टीवर आपटणारा प्रकार वाळक्या लाकडासाठी ठीक, ओल्या काडीसाठी नाही. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटने पुसा.

अंगठ्याएवढ्या जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. बारीक काड्यांना काही लावायची गरज नाही.

छाटल्यावर उरलेली पानंही काढायची का?

वार्षिक छाटणीला, हो. उरलेल्या काड्यांवरची जुनी पानं हाताने खुडा. वरून खाली ओरबाडू नका, पानासोबत बगलेतला डोळाही निघून येतो. एका हाताने काडी धरायची, दुसऱ्या हाताने देठ किंचित वर मोडायचा, पान अलगद सुटतं. झाड अगदी बोडकं दिसतं आणि घरात येणारा प्रत्येक जण हळहळतो. पण जुन्या पानांवर लाल कोळी, त्यांची अंडी, पानांवरचे डाग हे सगळं मुक्कामाला असतं. ते तिथेच संपतं आणि नवी पालवी स्वच्छ येते.

ही पानं गोळा करून टाका, आळ्यात पडू देऊ नका. रोगट असतील तर कंपोस्टमध्येही नको.

छाटून तीन आठवडे झाले, एकही फूट नाही. गेलं का झाड?

नखाने काडीची साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर ती काडी मेली, आणखी खाली खरवडून बघा. हिरवं लागेल तिथे, त्याच्या खालच्या पेरावर पुन्हा काप द्या.

बहुतेकदा कारण थंडी असतं. रात्रीचा पारा खाली राहिला की डोळे फुगून तसेच बसतात. दुसरं कारण जास्त पाणी. पानंच नाहीत तर झाड पाणी उडवणार कुठून? छाटणीनंतर एकदा भरपूर पाणी द्या, मग वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नका. पालवी बोटभर झाली की नेहमीसारखं सुरू करा.

खत कोणतं आणि कधी?

छाटणीच्या दिवशीच. आळ्यातली वरची माती खुरप्याने दोन-तीन इंच हलकी करा. बारा इंची कुंडीला दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड, अर्धी मूठ हाडांचा चुरा. मातीत मिसळा आणि पाणी सोडा. हाडांचा चुरा ज्यांना नको असेल त्यांनी शेणखत थोडं वाढवावं.

त्यानंतर युरिया किंवा नत्र जास्त असलेलं काहीही देऊ नका. मोगरा त्याने लांबलचक, मऊ काड्या टाकतो आणि कळी विसरतो. कुंडीतल्या झाडाची दर दोन-तीन वर्षांनी, छाटणीच्याच वेळी, माती बदला. मुळांचा बाहेरचा गोळा दोन बोटं कापा आणि नव्या मातीत बसवा. वर छाटणी आणि खाली छाटणी एकाच दिवशी झालेली झाडाला चालते, मात्र तेव्हा आठवडाभर सावलीत ठेवा आणि खत त्या पालवीनंतर द्या.

चहाचा चोथा घातला तर चालतो का?

धुऊन, वाळवून, मूठभर, महिन्यातून एकदा. दूध-साखरेचा चोथा तसाच घातला तर मुंग्या आणि बुरशी. तो छाटणीची किंवा खताची जागा घेत नाही.

वर्षातून एकदाच छाटायचं की मध्येही?

मोठी छाटणी एकदा. त्यानंतर प्रत्येक बहर ओसरला की हलकी. कळ्यांचा घोस बहुधा तिनाचा असतो. मधली कळी आधी उमलते, मग दोन्ही बाजूंच्या. तिन्ही होऊन गेल्या की त्या घोसाखालच्या पानांच्या एक किंवा दोन जोड्यांसकट शेंडा कापा. चार-सहा आठवड्यांत त्या ठिकाणी दोन फुटवे आणि त्यांच्या टोकांना नव्या कळ्या. मार्च ते जून असे दोन-तीन बहर सहज मिळतात. पहिल्या बहरानंतर ज्यांचं झाड थांबतं, त्यांनी हे केलेलं नसतं.

पहिला पाऊस झाला की छाटू का? तेव्हा सगळं जोमात फुटतं.

फुटतं, आणि कुजतंही. काही वर्षांपूर्वी मी एक चांगला सात वर्षांचा मोगरा मृगाच्या पावसात दीड फुटांवर आणला. आठ दिवस उघडीप नव्हती. कापलेली टोकं काळी पडली, तो काळेपणा दर दिवशी बोटभर खाली सरकत गेला आणि पाचपैकी तीन काड्या बुंध्यापर्यंत गेल्या. झाड पुढे सावरलं, पण त्याला दोन वर्षं लागली. पावसाळ्यात वाळलेलं, मोडलेलं, जमिनीवर लोळणारं तेवढं काढा. मोठी कात्री थंडीपर्यंत ठेवून द्या.

माझा मोगरा वेलासारखा लांब जातो. तोही दीड फुटांवर आणायचा?

वेली मोगऱ्याचं तंत्र वेगळं. त्याच्या चार-पाच मुख्य फांद्या जाळीवर किंवा कठड्यावर पसरून बांधा, शक्यतो आडव्या. आडव्या बांधलेल्या फांदीवर जागोजागी डोळे फुटतात, उभी ठेवली तर फक्त टोकाला. थंडीत या मुख्य फांद्यांना हात न लावता त्यांच्यावरचे बाजूचे फुटवे दोन-तीन पेरांवर कापा. दर वर्षी सगळ्यात जुनी एक फांदी बुंध्यातून काढायची आणि तिच्या जागी नवी बांधायची.

बटमोगरा याच्या उलट. तो मुळात बुटका आणि सावकाश वाढणारा. त्याची एक तृतीयांशाहून जास्त छाटणी करू नका.

बुंध्यातून नवे फुटवे येताहेत. गुलाबासारखे ते रानटी समजून काढायचे का?

अजिबात नको. गुलाब दुसऱ्या खुंटावर, म्हणजे वेगळ्या गुलाबाच्या मुळांवर, डोळा भरून केलेला असतो, म्हणून खालची फूट रानटी निघते. मोगरा साधारणपणे छाट कलमाने किंवा दाब कलमाने, स्वतःच्याच मुळांवर वाढवलेला असतो. खालून आलेला जाड, हिरवा फुटवा हा पुढच्या चार वर्षांचा ऐवज आहे. तो कमरेएवढा झाला की शेंडा खुडा.

सासूबाईंच्या वेळचा, वीस वर्षांचा मोगरा आहे. छाटायची भीती वाटते.

अशा झाडाला मी दोन हिवाळे देते. पहिल्या वर्षी सगळं वाळलेलं काढायचं आणि जिवंत जाड खोडांपैकी निम्मी फूटभर उंचीवर कापायची. उरलेली निम्मी तशीच. उन्हाळ्यात कापलेल्या खोडांतून नवे फुटवे येतात, न कापलेली थोडीफार फुलं देत राहतात. दुसऱ्या हिवाळ्यात उरलेली जुनी खोडं घ्यायची. घरातल्या माणसांचा जीव त्या झाडात गुंतलेला असतो, तेव्हा एका दिवसात ते ओकंबोकं करू नये.

आणि कात्री लावण्याआधी, पावसाळ्यात, त्याची दोन-तीन दाब कलमं करून ठेवा. जमिनीलगतची फांदी वाकवून तिच्या एका पेराखाली सालीला चीर द्यायची, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात. झाडाला काही झालंच, तरी तेच झाड तुमच्याकडे राहतं.

नर्सरीतून आणलेलं नवं रोप लगेच छाटू का?

पहिली फुलं होऊ द्या, मग शेंडे खुडत राहा. मोठी छाटणी दुसऱ्या थंडीत.

जाई, जुई, सायली, कुंद यांनाही हीच वेळ?

सगळ्यांना नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ही सगळी एकाच घराण्यातली. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने मोगऱ्याला चक्क पारिजातकाच्या प्रजातीत (जीनस) ठेवलं होतं, १७८९ मध्ये एटन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला जाई-जुईच्या प्रजातीत आणून बसवलं. पण घराणं एक असलं तरी बहर वेगवेगळा, म्हणून छाटणीही वेगळी.

जुई पावसाच्या दिवसांत फुलते. तिची छाटणी जानेवारीच्या अखेरीस. जाई, जिला बऱ्याच नर्सऱ्यांत चमेली म्हणून देतात, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत फुलते. तिला डिसेंबरच्या अखेरीस कापा. दोघीही नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे दोन-तीन फुटांवर आणल्या तरी चालतात. सायलीला जुईसारखंच वागवा.

कुंद मात्र थंडीत फुलतो. संस्कृतात त्याचं एक नावच माघ्य, माघात फुलणारा. आमच्या सोसायटीत एका वर्षी सफाईच्या भरात माळ्याने दिवाळीनंतर सगळ्या वेली एकसारख्या कापल्या, त्यात प्रवेशदारावरचा कुंदही गेला. फुलायला महिना उरला असताना. त्या हिवाळ्यात त्या कमानीवर एक फूल आलं नाही. सकाळी फिरायला निघणाऱ्या आज्या तिथे क्षणभर थांबायच्या आणि पुढे जायच्या, ते मला आजही आठवतं. कुंद छाटायचा तो फुलं संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

म्हणून कात्री उचलण्याआधी स्वतःला विचारा: हे झाड कधी फुलतं, आणि त्याची कळी आजच्या लाकडावर आहे की उद्याच्या फुटीवर?

अनंताला पण थंडीत छाटलं, तर फुलंच नाहीत आली.

अनंताची कळी आधीच्या वाढीच्या टोकांवर बरीच आधी धरते आणि दीर्घकाळ मिटून राहते. थंडीत टोकं कापली म्हणजे येणारी फुलं कापली. अनंत छाटायचा बहर संपल्या संपल्या, आणि तोही हलका.

आम्ही परदेशात राहतो. मोगऱ्याची कुंडी घरात ठेवतो. छाटणी कधी?

अमेरिका, कॅनडा, युरोप इथे रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायला लागलं की कुंडी आत घ्या. गोठवणाऱ्या थंडीत मोगरा टिकत नाही. आत घेताना फक्त वाळलेलं काढा, मोठी छाटणी करू नका. अंधाऱ्या महिन्यांत आलेली फूट पिवळी आणि लेची होते. दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा, पाणी कमी द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठे होऊ लागले की निम्म्यावर कापा आणि हिवाची भीती गेल्यावर बाहेर ठेवा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे, तिथे छाटणी जुलै-ऑगस्टमध्ये.

आमच्या अंगणात आधीच्या घरमालकांनी लावलेला कॅमेलिया (थंड हवेतलं फुलझाड) आहे. तोही मोगऱ्यासारखाच छाटायचा का?

नको, त्याचा स्वभाव अनंताच्या जवळचा. कॅमेलिया पुढच्या हंगामाची कळी उन्हाळ्यातच धरून ठेवतो. शरदात किंवा थंडीत झाड गोल आणि सुबक दिसावं म्हणून कापलंत, तर कळ्यांसकट कापलंत. फुलं गळून गेली आणि नवी पालवी सुरू होतेय, तेवढाच काळ त्याचा. फांदीवर गेल्या वर्षीची वाढ जिथे सुरू झाली तिथे सालीचा रंग आणि पोत बदललेला दिसतो. त्याच्या जरासं वर कापलं की तीन-चार डोळे एकदम फुटतात. त्याची पानं एकाआड एक असतात, म्हणून इथे बाहेर तोंड असलेला डोळा बघून काप द्यायचा. फार वाढलेला कॅमेलिया खोडापर्यंत कापला तरी फुटतो, पण मग एक-दोन वर्षं फुलांची वाट बघावी लागते.

आपला रोजचा चहाही कॅमेलियाच. मळ्यातली झुडपं कमरेएवढी दिसतात ती केवळ छाटणीमुळे, मोकळी सोडली तर त्यांचे वृक्ष होतात. महाराष्ट्राच्या पठारावर हौसेने कॅमेलिया लावू नका, असंच मी सांगेन. त्याला आम्लधर्मी माती आणि गारवा हवा, इथे चुनखडी आणि एप्रिलचं ऊन.

छाटणी केली, खत दिलं, तरी फूल नाही.

ऊन मोजा. थेट ऊन पाच-सहा तास मिळत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. इमारतीच्या सावलीत मोगरा जगतो, फुलत नाही.

पानं पिवळी, शिरा हिरव्या. छाटून टाकू?

छाटून उपयोग नाही, नवी पालवीही तशीच येईल. हा लोहाचा तुटवडा. चुनखडीची जमीन आणि बोअरचं क्षाराचं पाणी असलं की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, महिन्याने पुन्हा. मातीत शेणखत वाढवा आणि जमेल तेव्हा पावसाचं किंवा नळाचं पाणी द्या.

कळ्या जांभळट होऊन गळतात.

उमलून दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी-जांभळं पडणं हे वयच आहे. पण न उमललेली कळी बुडाशी फुगून जांभळी होत असेल तर ती कळीमाशी. कळीला भोक आणि आत हिरवट अळी असेल तर कळी पोखरणारी अळी. दोन्हींवर घरच्या बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे अशा कळ्या रोज खुडून, पडलेल्या वेचून, साबणाच्या पाण्यात बुडवणं. सोबत निंबोळी अर्क आठवड्याने. वरची माती खुरपत राहा, कारण दोन्ही किडी कोष करायला मातीत उतरतात.

संध्याकाळी झाडाला हात लावू नये म्हणतात. आणि अमावास्या पाळायची का?

आमच्या घरीही दिवेलागणीनंतर झाड झोपतं म्हणायचे, आणि मी ते पाळते. अंधारात डोळा दिसत नाही, कात्री चुकते. सकाळी दव वाळल्यावर छाटावं, म्हणजे काप दिवसभरात कोरडे होतात. तिथीने फुटीत फरक पडलेला मी पाहिलेला नाही. तुमच्या घरात पाळत असतील तर दोन दिवस पुढे-मागे करायला झाडाची हरकत नसते.

छाटलेल्या काड्या लावता येतील?

येतील, पण थंडीत कमी जगतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर, तीन-चार पेरांच्या काड्या निवडा. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्या, दोन पेरं मातीत जाऊ द्या, वर पारदर्शक पिशवी घाला. दहातल्या चार जगल्या तरी समाधान माना. जून-जुलैमध्ये लावलेल्या बहुतेक जगतात.

आलेल्या कळ्या कधी खुडायच्या? की झाडावरच राहू द्यायच्या?

खुडा. फुलं झाडावर सुकत राहिली तर पुढची हलकी छाटणी लांबते. पालघर जिल्ह्यात विक्रमगड-जव्हारकडे मोगरा पिकवणारे शेतकरी मिटलेल्या, भरलेल्या कळ्याच तोडतात. दादरच्या बाजारात पोहोचून, गजरा होऊन केसात गेल्यावर त्या उमलायच्या असतात.

घरी मी दुपारी चारच्या सुमारास गच्चीवर जाते. त्या रात्री उमलणारी कळी ओळखू येते. हिरवट झाक गेलेली असते, टोक किंचित सैल आणि रंग दुधासारखा. घोसातली मधली तेवढी घ्यायची, देठाशी नख लावून, बाजूच्या दोन कळ्यांना धक्का न लावता. त्या उद्या-परवाच्या. वेचलेल्या कळ्या ओल्या सुती फडक्यात सैल बांधून माठाशेजारी ठेवते. आठच्या सुमारास फडकं उघडलं की घरभर समजतं.